अडलेले बेचके: प्रत काढताना डीएनए थांबतो, तेव्हा गुणसूत्राची राखण कोण करते?

मांडवी (धागाकर्ती)

बडोद्यातल्या एका निदान प्रयोगशाळेत मी २१ वर्षे गुणसूत्रांच्या स्लाइड वाचल्या. काम सोडून आता वर्ष होत आले, तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही. त्याच्या मागे लागून जे वाचले ते येथे मांडते. चुकले असेल तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

फँकोनी अ‍ॅनिमियाचा, म्हणजे अस्थिमज्जा खचवणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, संशय असलेल्या मुलाचे रक्त आमच्याकडे आले, की त्याच्याबरोबर एखाद्या निरोगी माणसाचेही रक्त आम्ही तपासणीस लावत असू. दोन्ही नमुन्यांतल्या लिम्फोसाइट पेशींना विभाजनास प्रवृत्त करून तीन दिवस ३७ अंशांवर वाढवायचे, काही बाटल्यांत मायटोमायसिन-सी हे औषध अगदी अल्प मात्रेत घालायचे, शेवटी कोल्चिसीन घालून विभाजन मध्यावर अडवायचे, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या तीनास एक मिश्रणात पक्क्या करायच्या आणि थंडगार ओल्या स्लाइडवर वरून थेंब सोडायचा. गीम्सा रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की निरोगी नमुन्यात ४६ गुणसूत्रे बहुधा धडधाकट दिसत. रुग्णाच्या नमुन्यात कुठे फट, कुठे सुटून बाजूला पडलेला तुकडा, आणि मधूनच तीन-चार हातांची चांदणी, म्हणजे निरनिराळ्या गुणसूत्रांची तुटकी टोके एकमेकांना भलतीच चिकटून झालेली आकृती. पहिली चांदणी दिसली तेव्हा मी खुर्ची सरकवून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली होती, हे अजून आठवते.

एकदा माझ्याच हातून मायटोमायसिनचे द्रावण उजेडात राहिले. त्याचा जोर गेला होता, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. त्या आठवड्यात आधीच निदान झालेल्या एका मुलाचा नमुना पुन्हा लावला होता, त्याचीही गुणसूत्रे साफ दिसली, म्हणून चूक पकडली गेली. नाहीतर चुकीचा अहवाल गेला असता.

आता प्रश्न असा. औषध दोघांच्या बाटल्यांत सारखेच होते, त्यामुळे डीएनएला झालेली इजाही सारखीच असणार. मग एकाची गुणसूत्रे शाबूत आणि दुसऱ्याची तुटलेली का?

याचे उत्तर इजेत सापडत नाही. डीएनएची प्रत निघते त्या कामात ते शोधावे लागते. दोन पदरी गोफ उसवत जावा आणि उसवलेल्या प्रत्येक पदराला नवा जोडीदार विणला जावा, असे ते काम आहे. गोफ जेथे दोन पदरांत फुटतो त्या जागेला पुस्तकांत प्रतिकृती-काटा म्हणतात. काटा म्हटले की मला तराजू आठवतो, म्हणून फांदीच्या दुफाट्याला आपण म्हणतो तो ‘बेचके’ हा शब्द मी वापरणार आहे. बेचक्याच्या टोकाशी एमसीएम नावाच्या सहा प्रथिनांचे कडे गोफ उसवत पुढे सरकते आणि त्याच्या पाठोपाठ पॉलिमरेज विकरे नवे पदर विणतात. मायटोमायसिन गोफाचे दोन्ही पदर एकमेकांना टाचून टाकते. टाचलेल्या जागी कडे येऊन थडकले, की उसवणे बंद. डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो; अतिनील किरणांनी त्यांतली शेजारची दोन थायमिन अक्षरे एकमेकांना चिकटली, समोरून आरएनए बनवणारे यंत्र आले, किंवा कच्चा माल संपला, तरी बेचके अडते.

निवृत्त_मास्तर

मी गणिताचा शिक्षक होतो, जीवशास्त्र शाळेपुरतेच शिकलो, तेव्हा शंका बाळबोध वाटली तर क्षमा असावी. प्रत काढण्याचे काम एका गुणसूत्रावर एकाच ठिकाणी सुरू होते की अनेक ठिकाणी? अनेक ठिकाणी होत असेल, तर एक बेचके अडले म्हणून एवढे काय बिघडते? रस्त्याचे काम दोन्ही टोकांकडून चालू असताना एका बाजूचा रोलर बंद पडला, तर दुसऱ्या बाजूची माणसे उरलेला तुकडा पुरा करून टाकतात.

रावपुरा_७

मास्तर, शंका बाळबोध मुळीच नाही, सगळी मेख तिथेच आहे. माणसाच्या पेशीत एक बेचके मिनिटाला साधारण १,५०० अक्षरे पुढे सरकते. आपले पहिले, सर्वांत लांब गुणसूत्र सुमारे २४.९ कोटी अक्षरांचे आहे. त्याच्या मधोमध एकच आरंभस्थान असते आणि तेथून दोन बेचकी दोन्ही बाजूंना निघाली असती, तर या एका गुणसूत्रालाच ५७-५८ दिवस लागले असते. प्रत्यक्षात सगळ्या ४६ गुणसूत्रांचे काम आठ तासांच्या आसपास उरकते, कारण आरंभस्थाने हजारोंनी असतात. एक बेचके अडले, की बहुतेक वेळा आपण म्हणता तसेच पलीकडचे बेचके येऊन राहिलेला भाग पुरा करते.

पण त्याला एक अट आहे. एमसीएमची कडी डीएनएवर चढवण्याची मुभा प्रत सुरू होण्याआधीच असते. जे. ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी १९८८ मध्ये बेडकाच्या अंड्यांवर काम करून ‘परवाना’ ही कल्पना मांडली: प्रत काढण्याचा परवाना आधी मिळतो, वापरला की रद्द होतो, आणि विभाजन पुरे होईपर्यंत नवा मिळत नाही. ही अट नसती तर एखादा भाग दोनदा नकलला गेला असता, आणि तेही घातकच. म्हणून पेशी आधीच वापरापेक्षा कित्येक पट जास्त कडी चढवून ठेवते. त्यांपैकी बहुतेक निजलेलीच राहतात आणि जवळचे बेचके अडले, की जागी होतात. मात्र एकमेकांकडे येणारी दोन्ही बेचकी अडली आणि मधल्या पट्ट्यात राखीव कडे एकही नसले, तर नवे कडे आणता येत नाही. मग अडलेल्या बेचक्यातूनच वाट काढावी लागते, आणि तोवर ते मोडू न देणे भाग असते.

ताईंनी ज्या पेशी पाहिल्या त्याच लिम्फोसाइटमधले उदाहरण देतो. तिसऱ्या गुणसूत्रावर एफआरए-३-बी नावाची एक ठिसूळ जागा आहे. तेथे सुमारे ७ लाख अक्षरांच्या पट्ट्यात आरंभस्थाने जवळजवळ नाहीतच, हे २०११ मध्ये दाखवले गेले. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी साडेतीन लाख अक्षरे, मिनिटाला १,५०० या वेगाने म्हणजे जवळजवळ चार तास, आणि तेही एकदाही न अडखळता. पॉलिमरेजचा वेग औषधाने जरा मंदावला, की गुणसूत्र तेथेच तुटलेले दिसते.

पोथीशाळा

मी जुन्या हस्तलिखितांच्या सूचीचे काम करतो, त्यामुळे मला एक साम्य दिसले. नकलकाराच्या हाती आलेली मूळ पोथी कसरीने खाल्लेली असली, की तो तेथे बसून राहत नाही. वाचता न येणाऱ्या अक्षरांपुरती कोरी जागा किंवा आडव्या रेघा सोडतो आणि पुढचा मजकूर उतरवत जातो; पुढे दुसरी प्रत मिळाली, तर कोणीतरी ती जागा भरतो. कधी एखादा आगाऊ नकलकार अंदाजाने अक्षर घालतो आणि पाठभेद जन्माला येतो. पेशीत यांपैकी काय घडते?

रावपुरा_७

दोन्ही घडते. कोरी जागा सोडून पुढे नव्याने सुरुवात करून देणारे प्रिमपोल नावाचे विकर माणसात २०१३ मध्ये ओळखले गेले. मागे राहिलेली फट पुढे भरली जाते, आणि कधी कधी नुकत्याच निघालेल्या दुसऱ्या पदरावरून, म्हणजे आपल्या भाषेत दुसऱ्या प्रतीवरून.

अंदाजाने अक्षर घालणारी पॉलिमरेजेही आहेत. पॉलिमरेजला पदरावर धरून ठेवणारे पीसीएनए नावाचे एक वेगळे कडे असते; अडलेल्या जागी त्याच्या १६४ व्या लायसिनवर युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाची खूण बसते आणि नेहमीचे काटेकोर पॉलिमरेज बाजूला होऊन तेथे ढिल्या हाताचे पॉलिमरेज येते. सगळीच वाईट नसतात. पॉलिमरेज-ईटा हे चिकटलेल्या दोन थायमिनांसमोर बहुधा दोन अ‍ॅडेनीनच बसवते, म्हणजे अंदाज नेमका बरोबर ठरतो. हे विकर नसलेल्या माणसांना झेरोडर्मा पिग्मेंटोसमचा एक प्रकार होतो, हे १९९९ मध्ये कळले. त्यांच्या पेशी किरणांनी झालेली इजा कापून काढण्यात कमी पडत नाहीत. प्रत काढताना मात्र भलत्याच विकरांना अंदाज करावा लागतो, आणि उन्हाने त्यांना त्वचेचा कर्करोग होतो.

मांडवी

पोथीशाळा, आपले साम्य मला फार आवडले, पण एका ठिकाणी ते तुटते, आणि माझ्या चांदण्या तेथूनच निघतात. नकलकार थांबला तरी मूळ पोथीला काही होत नाही, ती पाटावर तशीच पडून राहते. येथे प्रत काढण्यासाठी मूळच उसवावे लागते. बेचके अडले, की उसवलेला एकेरी पदर उघडा पडतो आणि एकेरी पदर फार नाजूक असतो. त्यात खाच पडली, की गुणसूत्र त्या जागी दुभंगते. टोके सुटतात. सुटलेले टोक मोकळे राहत नाही, जे हाती लागेल त्याला चिकटते, आणि मला चांदणी दिसते.

म्हणून मोकळ्या पदरावर सर्वांत आधी आरपीए या प्रथिनाचे पांघरूण पडते. ते नुसते झाकत नाही, बोलावणेही धाडते. ली झोऊ आणि स्टीफन एलेज यांनी २००३ मध्ये दाखवले, की आरपीएने झाकलेला एकेरी पदर दिसला, की एटीआर हे विकर आपल्या साथीदारासह तेथे येऊन बसते. मग एटीआर सगळ्या पेशीला खबर देते: दूरची नवी आरंभस्थाने उघडू नका, विभाजनात शिरू नका, कच्चा माल वाढवा.

आणखी एक गोष्ट वाचून मी चकित झाले. अडलेले बेचके मागे वळते. दोन्ही नवे पदर आपापल्या जुन्या जोडीदारापासून सुटून एकमेकांना बिलगतात, जुने पदर पुन्हा जुळतात, आणि तीन फाट्यांच्या जागी चार फाटे होतात. चित्रात ते कोंबडीच्या पायासारखे दिसते, आणि शास्त्रज्ञही त्याला तसेच म्हणतात. ही कल्पना १९७६ मध्ये मांडली गेली होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मानवी पेशींत अशी बेचकी प्रत्यक्ष दिसली. मागे वळल्याने इजा झालेली जागा पुन्हा दुहेरी गोफात जाते, म्हणजे ती दुरुस्त करायला उसंत मिळते.

ओरसंगकाठ

माझे औषधांचे दुकान छोटा उदेपूरच्या बाजूला आहे. आमच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि २०२३ च्या जुलैत शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या, तशा हायड्रॉक्सियुरियाच्या चिठ्ठ्याही वाढल्या. याच औषधाने प्रयोगशाळेत बेचकी अडवतात, असे हा धागा वाचून शोधले तेव्हा दिसले. मागच्या आठवड्यात एका बापाने मोबाइल दाखवून मला विचारले, की हे डीएनए तोडणारे औषध तुम्ही माझ्या पोराला कसे देता? मला नीट उत्तर देता आले नाही. येथे कोणी समजावून सांगेल काय?

रावपुरा_७

भाऊ, त्या बापाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या धाग्याच्या विषयातच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हायड्रॉक्सियुरिया डीएनएला थेट तोडत नाही. आरएनएच्या अक्षरांपासून डीएनएची अक्षरे बनवणाऱ्या रिडक्टेज नावाच्या विकराला ते खिळवते. अक्षरांचा साठा घटतो, पॉलिमरेजला विणायला माल मिळत नाही आणि बेचके मंदावते किंवा थांबते. थांबले म्हणजे तुटले नाही, हे सर्वांत स्वच्छ यीस्टमध्ये दिसले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत साध्या यीस्टला या औषधात ठेवून नंतर धुऊन काढले, तर बेचकी होती तेथून पुढे निघाली. रॅड-५३ हे राखणीचे विकर नसलेल्या यीस्टची बेचकी मात्र कोसळली आणि औषध काढून घेतल्यावरही सावरली नाहीत. औषध तेच, काळ तोच.

दुसरा प्रयोग २०१३ चा, मानवी पेशींवरचा. एटीआरला अडवून ठेवले आणि वरून हायड्रॉक्सियुरिया दिले. मनाई करणारे कोणी उरले नाही, म्हणून आरंभस्थाने धडाधड उघडली, प्रत्येक ठिकाणी बेचके अडले, उघडे पदर वाढत गेले, आणि एका क्षणी पेशीतला आरपीएचा साठा संपला. तोपर्यंत तुटणे फारसे नव्हते. साठा संपताच पेशीभर बेचकी एकाच वेळी फुटली. आरपीए जास्त बनवणाऱ्या पेशींनी अधिक काळ तग धरला. पांघरुणे मोजकी असताना पाहुणे बोलावू नयेत, एवढेच एटीआर सांभाळत होते.

आता मात्रेविषयी. बेचकी पूर्ण अडवायची असतात, तेव्हा प्रयोगशाळेत दोन ते चार मिलिमोलर इतके हायड्रॉक्सियुरिया तासन्‌तास पेशींवर ठेवतात. गोळी घेतल्यावर रक्तात त्याची मात्रा याच्या कित्येक पटींनी कमी असते आणि काही तासांतच उतरते. अस्थिमज्जेतील पेशींच्या विभाजनाला अधूनमधून आळा बसतो, मज्जा घाईघाईने रक्तपेशी घडवू लागते आणि त्यांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. ते हिमोग्लोबिन सिकल हिमोग्लोबिनच्या काड्या जमू देत नाही. मुलाच्या मज्जेत राखण करणारी सगळी प्रथिने शाबूत असतात, म्हणून ही ओढाताण तिला पेलते. पांढऱ्या पेशी फार उतरू नयेत, म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करायला सांगतात. ती चुकवू नये आणि औषध मनाने बंद करू नये, एवढे त्या बापाला अवश्य सांगा.

निवृत्त_मास्तर

पांघरुणाचा दृष्टान्त पटला. पण बेचके मागे वळले, चार फाटे झाले, म्हणजे एक नवे मोकळे टोक तयार झाले, नाही का? आणि मोकळी टोके घातक असतात, असे ताईच म्हणाल्या होत्या.

रावपुरा_७

मास्तर, आपण भूमिती शिकवत असणार. बरोबर ओळखलेत. ते चौथे टोक एमआरई-११ नावाचे विकर कुरतडू लागते. थोडी कुरतड दुरुस्तीला लागतेच, पण आवर घातला नाही तर नवा विणलेला भाग हजारो अक्षरांनी मागे जातो. आवर घालण्याचे काम रॅड-५१ या प्रथिनाची माळ करते आणि ती माळ जागेवर टिकवते बीआरसीए-२.

संशोधक विद्यार्थी असताना मी हा प्रयोग हाताने केला आहे, म्हणून सांगतो. पेशींना अर्धा तास एक खोटे थायमिन देतात, जे पुढे लाल चमकते. मग अर्धा तास दुसरे, जे हिरवे चमकते. स्लाइडच्या वरच्या कडेला पेशींचा थेंब ठेवून त्यात डिटर्जंट मिसळायचे, पेशी फुटल्या की स्लाइड किंचित तिरपी करायची आणि थेंब संथपणे खाली ओघळू द्यायचा. थेंब घाईने उतरला तर धागे तुटतात, रेंगाळला तर गुंता होतो. माझ्या पहिल्या चार स्लाइड वाया गेल्या. जमले, की काळ्या पार्श्वभूमीवर लाल रेघ आणि तिला लागून हिरवी रेघ दिसते. अर्ध्या तासातली रेघ सुमारे ४५,००० अक्षरांची, म्हणजे पंधरा-सतरा मायक्रोमीटर लांब, दोन तांबड्या रक्तपेशी शेजारी ठेवाव्यात इतकी. हिरवे संपल्यावर पेशींना काही तास हायड्रॉक्सियुरियात ठेवले, तर साध्या पेशींची हिरवी रेघ तेवढीच राहते. बीआरसीए-२ नसलेल्या पेशींत ती आखडलेली दिसते. विणलेले परत उसवले गेलेले असते. कॅथरिना श्लाखर, मारिया जेसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०११ मध्ये दाखवले, तोपर्यंत बीआरसीए-२ चे नाव मुख्यतः तुटलेला डीएनए सांधण्याशीच जोडलेले असे.

मांडवी

आता माझ्या प्रश्नाचा शेवटचा दुवा जुळतो आहे. फँकोनी अ‍ॅनिमिया हा एका जनुकाचा आजार नाही. वीसहून अधिक जनुकांपैकी कोणतेही बिघडले तरी तो होतो, आणि त्यांतले एफएएनसीडी-१ म्हणजेच बीआरसीए-२, हे २००२ मध्ये कळले. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात ऐकलेले नाव माझ्या चांदण्यांच्या यादीत आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

टाचलेल्या गोफाची सोडवणूक अशी होते. दोन्ही बाजूंची बेचकी टाक्याशी येऊन उभी राहतात. एमसीएमचे कडे उतरवले जाते. फँकोनी गटातील आठ-दहा प्रथिनांचा जथा एफएएनसीडी-२ आणि तिच्या जोडीदारावर युबिक्विटिनची खूण ठेवतो. त्या खुणेच्या आधाराने कातरणारी विकरे येतात आणि टाक्याच्या दोन्ही अंगांनी फक्त एक पदर कापतात, म्हणजे टाका दुसऱ्या पदरावर लोंबकळत राहतो. त्याच्यासमोर ढिल्या हाताचे पॉलिमरेज अक्षर बसवते, आणि कापलेला पदर दुसऱ्या प्रतीवरून सांधला जातो. पेशी येथे स्वतःहून गुणसूत्र कापते, पण तयारीनिशी, ठरलेल्या जागी. जथ्यातला एक जरी गैरहजर असला, तर तेच कापणे आडवेतिडवे होते.

मायटोमायसिन तर आम्ही घालत होतो. मुलाच्या अंगात ते कोठून येणार, हाही प्रश्न मला कायम पडे. के. जे. पटेल यांच्या केंब्रिजमधील गटाने २०११ पासून दाखवले, की आपल्याच चयापचयातून निघणारी अल्डिहाइडे डीएनएला अशीच इजा करतात. मद्यातून होणारे अ‍ॅसिटल्डिहाइडही त्यातलेच. म्हणजे त्या मुलांच्या मज्जेत आमची चाचणी रोजच चालू असते, औषधाशिवाय.

दांडियाबाजार_कट्टा

धागा शांतपणे वाचत होते. माझ्या भाच्याच्या अहवालात ‘फ्रॅजाइल एक्स’ असे लिहून आले आहे. ‘ठिसूळ जागा’ हा शब्द वर आला, म्हणून विचारते: हा तोच प्रकार आहे का?

मांडवी

ताई, नात्यातला आहे. एक्स गुणसूत्राच्या लांब हाताच्या टोकाशी सीजीजी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत ती तीसच्या आसपास वेळा असतात; २०० च्या वर गेली, की जनुक बंद पडते आणि मुलाच्या वाढीवर परिणाम होतो. अशा लांबलचक पुनरुक्तीत एकेरी पदर स्वतःवरच दुमडून गाठ मारतो आणि बेचके तेथे अडखळते. अडखळताना पदर घसरला, की काही तिकड्या जास्तीच्या विणल्या जातात.

आमच्या पेशातली एक गोष्ट यानिमित्ताने सांगते. ऑस्ट्रेलियातील ग्रँट सदरलँड यांना मेलबर्नमध्ये ही ठिसूळ जागा सूक्ष्मदर्शकाखाली व्यवस्थित दिसत असे. ते अ‍ॅडलेडला गेले आणि ती दिसेनाशी झाली. शोधाशोध केल्यावर कळले, की जुन्या ठिकाणच्या पोषक द्रावणात फोलिक आम्ल कमी होते. फोलिक आम्ल कमी म्हणजे थायमिनचा तुटवडा, आणि तुटवड्यात बेचके नेमके तेथेच अडते. १९७७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांनी या चाचणीसाठी मुद्दाम ‘उपाशी’ द्रावण वापरायला सुरुवात केली. आता स्लाइड वाचून निदान करत नाहीत, तिकड्या थेट मोजतात. अहवालात आकडा असेल, तो पाहा.

दांडियाबाजार_कट्टा

भाच्याच्या रकान्यात ‘२०० पेक्षा अधिक’ असे आहे. त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या रकान्यात ९२ लिहिले आहे. पण तिला तर काहीच त्रास नाही.

मांडवी

५५ ते २०० या टप्प्याला पूर्व-उत्परिवर्तन म्हणतात. त्यात जनुक चालू असते, पण पुनरुक्ती अस्थिर असते आणि आईकडून मुलाकडे जाताना वाढू शकते. तिकड्यांच्या मधे कुठे कुठे एजीजी आले असेल तर ती माळ जास्त स्थिर राहते, म्हणून काही प्रयोगशाळा एजीजी किती आहेत हेही सांगतात. बहिणीच्या अहवालात तळाशी तसा उल्लेख आहे का, ते बघा. आपण सख्ख्या बहिणी आहात, म्हणून आपली स्वतःची आणि आपल्याला मुली असतील तर त्यांचीही तपासणी करायची का, हे जनुकीय समुपदेशकाला दोघींनी मिळून विचारा. जाताना अहवालाची मूळ प्रत न्या, मोबाइलवरच्या छायाचित्रात तळाच्या ओळी बहुधा कापल्या जातात.